ताकदीची सुई

प्रज्ञा थायलंडला निघाली की भगवंतरावांना डांबरी रस्ता मिळणार होता. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं विचारणारा माणूस बोरगावकडचा नाही असं खुशाल समजावं. संबंध सरळ होता. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या भारताच्या फुटबॉल संघाच्या शेवटच्या कॅम्पात सौंसर तालुक्यातली पोरगी निवडली गेली, म्हणजे विधायक, तिकडचे आमदार, सत्काराला येणार. येणार तर पोरगी जिथं खेळायला शिकली ते मैदान बघणार, तिथं फोटो काढणार. मैदान भगवंतरावांच्या संत्र्याच्या बागेला लागून. तिथवर जाणाऱ्या वाटेची गिट्टी कधीच उखडलेली. विधायकांच्या गाडीचं पोट तिथं एकदा घासलं की रस्ता मंजूर.

मैदान हा शब्दही भगवंतरावांचाच. संत्र्याचा माल उतरवून, ढीग लावून, बैलगाड्या-ट्रॅक्टर फिरवून दगडासारखा झालेला तो बरड तुकडा होता. त्यावर गवत धरत नव्हतं. सौंसरच्या शाळेतल्या खेळाच्या वैशाली मॅडम मुलींसाठी तो मागायला आल्या तेव्हा भगवंतराव "पाहू" म्हणाले आणि पुढचं वर्षभर पाहत राहिले. पोरीचं नाव पेपरात आल्यापासून मात्र ते "मी जमीन देली" असं सांगू लागले. खसऱ्यात, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यावर, ती अजून त्यांच्याच नावावर होती.

प्रज्ञाच्या बापाला, भाऊरावला, यात काय मिळणार होतं? तो भगवंतरावांकडे बागेच्या पाण्यावर होता. त्याला "ए भाऊराव" म्हणून हाक यायची. सत्काराच्या दिवशी माइकवरून "श्री. भाऊरावजी" असं ऐकू आलं तेव्हा त्यानं आधी मागं वळून पाहिलं. प्रज्ञाची आई कमल संत्री तोडणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. तिला काय मिळणार, याचा विचार खुद्द कमलनंही केला नव्हता. आणि प्रज्ञाला थायलंडच्या स्पर्धेत डावीकडे मागच्या फळीत खेळायला मिळणार होतं, बस.

सत्कार रविवारी झाला. गाडीचं पोट घासलं. विधायकांनी माइकवरच रस्ता जाहीर केला. टाळ्या सगळ्यात जोरात भगवंतरावांच्या होत्या, आणि त्या पोरीसाठी होत्या असं समजून भाऊरावचे डोळे भरून आले.

सोमवारी तोड होती.

आंबिया बहाराची संत्री पिवळी झालेली. बाप्ये शिड्या लावून झाडात, बाया खाली. फळ कॅरेटात भरायचं आणि कॅरेट डोक्यावर घेऊन वाट ओलांडून ट्रककडे न्यायचं, कारण ट्रक आत येत नव्हता. त्याच वाटेचा नारळ आदल्याच दिवशी फुटला होता, पण नारळावरून ट्रक चालत नाही. टोळीतल्या दोघी बोरगावच्या कारखान्यात लागल्या होत्या, एकीचं बाळंतपण. हात कमी पडले.

"पोट्टी घरी बसून काय करून राहिली वं?" जयवंता म्हणाली. ती टोळीतली सगळ्यात जुनी बाई, तोंडानं फटकळ. "तिच्या पायाची पूजा करून राहिली का?"

"परवा तिले निघायचं हाये," कमल म्हणाली.

"मंग परवा निघू दे ना. आज तिले कोणं धरलं?"

कोणी बोलवायच्या आधी प्रज्ञा शेताच्या धुऱ्यावरून येताना दिसली. अंगात कॅम्पचा निळा टी-शर्ट, पायात बापाच्या स्लिपर. तिनं चुंबळ केली, कॅरेट उचललं. सगळ्या बायांहून तिच्या खेपा जास्त झाल्या. तिसऱ्या प्रहरी उखडलेल्या गिट्टीत स्लिपर अडकली. ती पडली नाही, कॅरेटही पडू दिलं नाही. पण ते वाचवण्यात गुडघा आत वळला. संध्याकाळपर्यंत तो भाकरीसारखा फुगला.

तोडीच्या दिवसांत उत्तम डॉक्टर सांजच्याला बागेत यायचे. मोटारसायकलच्या डिक्कीत बॅग, बॅगेत शिशा आणि सिरिंजा. डॉक्टर म्हणजे पूर्वी नागपूरच्या एका दवाखान्यात पट्ट्या बांधायचे. पण सगळे डॉक्टर म्हणत, आणि ते ओ देत. पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या ओट्यावर ते बसत, बाया-बाप्ये ओळीनं उभे राहत. कंबरेला एक, खांद्याला एक. सुई घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस उठतो, हे सगळ्यांना माहीत होतं. ती मालकाकडून फुकट होती, म्हणून ती न घेणारा म्हणजे उद्या न येणारा, असंही मालकाला माहीत होतं.

"घेऊन टाक," कमल म्हणाली.

"मॅडमनं सांगतलं हाये आई, काहीच घ्यायचं नाई. गोळी पण नाई."

"गोळी कोण देऊन राह्यलं? ताकदीची सुई हाये. मी दरवर्सी घेतो, मेलो का?"

"काय हाये यात, डॉक्टरसाहेब?" प्रज्ञानं विचारलं.

"ताकद," उत्तम डॉक्टर म्हणाले. त्यांनी एका शिशीतून ओढलं, दुसरीतून ओढलं, उजेडाकडे धरून टिचकी मारली. "तू तं देशासाठी खेळून राह्यली बेटा. तुले डबल देतो."

ओळीतल्या बाया हसल्या. प्रज्ञानं आईकडे पाहिलं.

"लंगडत गेली तं तिकडून वापस पाठवतीन तुले," कमल म्हणाली आणि पोरीचा दंड स्वतः धरला.

सकाळी गुडघा उतरला होता. बुधवारी सौंसरच्या स्टँडवर पोरगी एका उडीत नागपूरच्या बसमध्ये चढली, तेव्हा कमल भाऊरावला म्हणाली, "पाहा, लागली ना सुई."

तीन-चार दिवसांनी वैशाली मॅडमची स्कूटी धुऱ्याशी येऊन थांबली. फोन करण्याऐवजी मॅडम स्वतः आल्या म्हणजे बातमी धड नाही, हे बायांनी ओळखलं आणि कॅरेट खाली न ठेवताच त्या ऐकत उभ्या राहिल्या.

"कमलताई, घरी असताना प्रज्ञाला कोणी इंजेक्शन दिलं का?"

"हो, देलं ना. ताकदीचं. काऊन?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. कॅम्पच्या डॉक्टरनं सगळ्या मुलींना बसवून विचारलं होतं, घरी काय औषध घेतलं, खरं सांगा. प्रज्ञानं खरं सांगितलं. आता ते विचारत होते, सुईत काय होतं.

"दुखणं एका रात्रीत दाबायची औषधं असतात," मॅडम म्हणाल्या. "ती सुईतून घेतलेली खेळाडूंना चालत नाहीत. स्पर्धेत तपासणी होते. सापडली तर खेळणं बंद, दोन-चार वर्षं. पण औषधाचं नाव कळलं, तर डॉक्टर म्हणाले काही मार्ग निघू शकतो. अर्ज असतो. नाव कळलंच नाही तर ते तिला नेणार नाहीत. परवा संध्याकाळी यादी जाते."

"एवढंच ना?" कमल म्हणाली. "विचारून येतो डॉक्टरले."

"ज्यानं दिलं त्याच्या सहीनं पाहिजे, ताई. आणि त्याचा डॉक्टरकीचा नंबर."

कमलच्या चेहऱ्यावर एवढा वेळ नसलेली भीती तेव्हा आली; पट्ट्या बांधणाऱ्याकडे नंबर कुठून असणार?

उत्तम डॉक्टर रामाकोन्याच्या रस्त्यावर एका घरापुढे सापडले. कमलनं आधी रामराम केला, मग विचारलं.

"ताकदीची होती ना," ते म्हणाले.

"ताकदीची, पण नाव काय तिचं?"

"नाव सांगून तुले समजणार हाये का?"

"मले नाई समजणार. लिहून द्या. त्यायले समजीन."

"लिहून?" उत्तम डॉक्टरांनी मोटारसायकलला किक मारली. "बाई, तुह्यासारख्या शंभर बायांले उभं केलं मी. एक तरी चिठ्ठी मागतली का कोणी आजवर?"

ते गेले. कमल चालतच बागेत आली. भाऊराव पाण्याचं दार बदलत होता. तिनं त्याला मोटारीच्या खोलीमागं नेलं. तिथं नालीत, वाळल्या गवतात, डॉक्टर शिशा फेकत. दोघं उकिडवे बसून वेचू लागले. अंगठ्याएवढ्या शिशा, काही फुटक्या, काहींत मुंग्या. भाऊरावच्या बोटाला काच लागली. त्यानं बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हातानं वेचत राहिला. कमलचा ओचा भरला.

"कोणती तिची, कसं समजन?" तो म्हणाला.

"सगळ्या नेतो."

मॅडमच्या घरी त्या शिशा पेपरावर मांडल्या. मॅडम एकेक उचलून नाव वाचत, मोबाइलवर बघत. बऱ्याच दुखण्याच्या होत्या. थोड्या खरंच ताकदीच्या. आणि पुष्कळशा त्या, ज्या चालत नाहीत.

"ही फार वाईट, ताई," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा घेतली तर माणसाची साखर वाढते, हाडं पोकळ होतात, तोंड गोल सुजतं."

कमलला जयवंता दिसत होती. दरवर्षी तोड संपता संपता जयवंताचं तोंड थाळीसारखं गोल व्हायचं आणि बाया तिला चिडवायच्या, मालकाची संत्री खाऊन अंगावर आली म्हणून. जयवंताही हसायची. "नवऱ्याच्या घरचं नाई लागलं, मालकाचं लागलं," म्हणायची.

"पण प्रज्ञाला हीच दिली कशावरून? दुसरी असेल," मॅडम म्हणाल्या. "त्यानंच सांगायला पाहिजे. नुसत्या शिशांवर ते मानणार नाहीत."

आता एकच दार उरलं होतं. उत्तम डॉक्टर भगवंतरावांचं ऐकत. भगवंतरावांनी नुसतं "लिहून दे" म्हटलं असतं तर झालं असतं. पण भगवंतरावांच्या बाजूनंही पाहावं. अर्धी बाग अजून झाडावर होती. उत्तमनं सही केली तर तो अडकणार, तो अडकला तर कोणाच्या ओट्यावर बसून सुया टोचत होता हे निघणार, आणि टोळी सुईशिवाय उठणार नाही. पोरीकडून जे यायचं ते माइकवरून येऊन गेलं होतं. तरी ते वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको गेली तेव्हा त्यांनी दोघांना ओसरीवर बसवलं, चहा मागवला. स्वतःला आणि उत्तम डॉक्टरांना कपबशीत; भाऊराव-कमलसाठी कागदी ग्लास आले. कागदी ग्लास आल्यापासून कप वेगळे ठेवायची गोष्ट फार सोपी झाली आहे.

"मले सगळं समजलं," भगवंतराव म्हणाले. "पोट्टी आपल्या गावची. तिचं नुकसान मी होऊ देईन का? हे पाहा." त्यांनी घडी केलेला कागद पुढे केला. "पांढुर्ण्याचा डिगरीवाला डॉक्टर हाये. सही हाये, शिक्का हाये, नंबर हाये. ताकदीची सुई देली असं लिहून देलं त्यानं. इंग्रजीत."

भाऊरावनं कागद दोन्ही हातांनी घेतला. "लय उपकार झाले, मालक."

"पण सुई तं यायनं देली," कमल उत्तम डॉक्टरांकडे पाहून म्हणाली.

"कागदाले सुई दिसत नाई, कमलबाई."

"डॉक्टरसाहेब, सच्ची ताकदीचीच होती का?"

उत्तम डॉक्टरांनी बशीत चहा ओतला.

"मी लिहून नाई मागत. नुसतं तोंडानं सांगा. माह्या पोरीची शप्पथ नाई घालत, तुमच्या पोरीची घ्या, अन् सांगा."

"आता शप्पथा कायले काढून राहिली?" भगवंतराव हसले. "भाऊराव, समजाव रे इले. कागद घ्या अन् मॅडमले द्या. पोट्टी टीव्हीवर दिसू दे."

वाटेनं भाऊराव पुढं, कमल मागं. बाभळीखाली कमल थांबली आणि तिनं पोरीला फोन लावला. कॅम्पात जेवणाआधी थोडा वेळ फोन देत.

"भेटला का कागद?" प्रज्ञानं पहिलं हेच विचारलं.

"भेटला. पण खोटा हाये."

पलीकडे मुलींचा गलका ऐकू येत होता. कोणी तरी हिंदीत प्रज्ञाला हाक मारली.

"सही हाये ना त्यावर?"

"सही हाये. सुई कोणती, ते नाई."

"मंग दे ना आई मॅडमले. तू कायले डोकं लावून राहिली?"

"अन् तपासणीत निघाली तं? मॅडम म्हणते चार साल बंद."

"सगळ्यांची नाई करत तपासणी. मॅचनंतर चिठ्ठ्या काढतात, एका बाजूच्या दोघींच्या. एवढ्या जणींत माहीच निघन का?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आई, मी पहिल्या अकरात हावो. सरांनी काल सांगतलं. डावीकडून मीच."

कमलला त्याचा अर्थ पुरता कळत नव्हता. पण पोरीनं एवढ्या हळू कधीच काही सांगितलं नव्हतं, हे कळलं.

"पोरी, जयवंतामावशीचं तोंड पाह्यलं का तू?"

"मावशीचं काय काढून राहिली मध्येच? आई, दे ना. मी सांगून राहिली ना. माह्यावर राहू दे."

"तुह्यावर कसं राहू देऊ? दंड मी धरला होता."

फोन पलीकडून बंद झाला. वेळ संपला म्हणून, की पोरीनंच बंद केला, ते कमलला समजलं नाही.

भाऊरावनं घरी पोचल्यावर कागद फळीवर ठेवला. मग म्हणाला, "मालकानं एवढं केलं. तू चूप राह्यली तं काय बिघडन?"

"काय हाये ते न विचारता चूप राह्यली म्हणूनच तं देली ना सुई."

"चिठ्ठी निघाली तं निघाली. नाई निघाली तं पोट्टीचं सोनं झालं."

"आपण काय जुव्वा खेळून राह्यलो का पोट्टीच्या अंगावर?"

"ते तिचं अंग हाये!" भाऊराव ओरडला. तो कमलवर कधी ओरडत नसे, म्हणून त्याचं त्यालाच ते जास्त लागलं. तो पंप बघायला निघून गेला, जरी त्या वेळी लाइट नव्हती.

दुसऱ्या दिवशी कमल कामाला गेली नाही. तिनं सौंसरला जाऊन मॅडमच्या हातात कागद दिला आणि म्हणाली, "हा घेऊन आलो, पण हा खोटा हाये. कोणती सुई देली मले माहीत नाई. तो सांगत नाई."

मॅडमनी कागद वाचला, उलटा ठेवला. "ताई, तुम्ही हे मला सांगितलं नसतं तर मी पाठवला असता."

"म्हणून तं सांगतलं."

मॅडमच्याही शाळेचं नाव, त्यांचीही तीन-चार वर्षांची सरावाला घातलेली पहाट त्या पोरीत होती. मग त्यांनी कॅम्पच्या डॉक्टरला फोन लावला आणि कमल समोर बसून, इंग्रजीतला एकही शब्द धड न समजता, त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

प्रज्ञाचं नाव यादीत गेलं नाही. ती परत आली ती बसमधून उतरून सरळ घरात गेली. बूट पिशवीतच राहिले. आईनं वाढलेलं ती जेवायची, आईनं विचारलेल्याला मानेनं उत्तर द्यायची. बापाशी बोलायची. जयवंता मुद्दाम येऊन बसली, "कायचं बाई फुटबाल, लगन करून टाक," म्हणाली, तिच्याशीही बोलली. जयवंताचं तोंड गोल होतं. प्रज्ञा ते तोंड बराच वेळ पाहत होती. पण आईशी बोलायची नाही.

बागेतही बोलणं थंडावलं होतं. उत्तम डॉक्टरांनी सावधगिरी म्हणून त्या मोसमापुरतं येणं बंद केलं आणि बायांची अंगं रात्री ठणकू लागली. सकाळी उठताना प्रत्येकीला कमल आठवायची. "तिच्या पोट्टीपायी आमची सुई गेली," असं जयवंता तोंडावर म्हणाली, आणि कमलनं तिचं कॅरेट आपल्या डोक्यावर घेतलं तेव्हा तिनं ते घेऊही दिलं.

स्पर्धेचे सामने मॅडमच्या मोबाइलवर दिसत. प्रज्ञा सायकलनं सौंसरला जाऊन पाहून यायची. डावीकडे तिच्या जागी मणिपूरची एक मुलगी खेळत होती. भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडला; पण एक सामना जिंकला, आणि त्यातला गोल डावीकडून गेलेल्या चेंडूवर झाला.

शेवटच्या सामन्याच्या संध्याकाळी कमल चुलीपुढे भाकरी थापत होती. प्रज्ञा आली, सायकल भिंतीला टेकवली, दारात उभी राहिली.

"माह्या जागी खेळली तिची चिठ्ठी निघालीच नाई," ती म्हणाली. कितीतरी दिवसांत आईशी बोललेलं पहिलं वाक्य. "एकाही मॅचले नाई. फोन करून विचारलं मी तिले."

कमलनं भाकरी तव्यावर टाकली.

"अन् निघाली असती तं?"

"पण नाई निघाली ना!"

पोरगी आत गेली. तव्यावरची भाकरी कमलनं उलटली नाही; वास सुटल्यावर भाऊरावनं येऊन उलटली.

उन्हाळ्यात रस्ता झाला. ट्रक आता सरळ बागेत जातो, कॅरेट डोक्यावरून वाट ओलांडावी लागत नाही. म्हणून टोळीतल्या अर्ध्याच बायांना बोलावणं येतं, आणि त्यांत कमल नसते. भगवंतरावांचा एक दिवसही बुडाला नाही. पांढुर्ण्याच्या डिगरीवाल्याला कोणी काही विचारलं नाही. उत्तम डॉक्टर मृगाच्या बहाराला परत आले. बागेतली ओळ तशीच लागते, जयवंता पहिली उभी असते. भाऊराव पुन्हा "ए भाऊराव" झाला. मॅडमची पहाट वाया गेली, तरी त्यांनी दुसऱ्या पोरी धरल्या. प्रज्ञाची स्पर्धा गेली. त्या वयाची दुसरी स्पर्धा येईपर्यंत तिचं वय निघून जाईल. आणि कमलची पोरगी गेली. ती घरातच आहे, दोन वेळा जेवते, मैदानावरही जाऊ लागली आहे; पण निघताना "येतो वं आई" म्हणायची, ते आता बापाला सांगून जाते.